पंधरा नंबरची बाटली

प्रिय सई आणि ईशान,

परवा रविवारी तुम्ही गाडीतून फोन केलात. बाहेर बर्फ होतं, आई गाडी चालवत होती आणि तुम्ही दोघं मागच्या सीटवर कागदी पाकिटातले फ्राइज खात होतात. ईशानने एक फ्राय फोनला चिकटवला आणि म्हणाला, "आजी, वास घे." आपण सगळे हसलो. मग सईने विचारलं, "आजी, मे महिन्यात दादरला खाल्ले होते ना, त्यांचा वास आणि यांचा वास अगदी सेम कसा? इथला बटाटा वेगळा, तेल वेगळं."

मी म्हटलं, लिहून कळवते. मला उत्तर माहीत होतं, पण ते फोनवर, तुमच्या तोंडात घास असताना सांगण्यासारखं नव्हतं.

आदल्याच दिवशी, शनिवारी, सुमनची भाची वैशाली माहीमहून येऊन मला एक लहान तपकिरी बाटली देऊन गेली होती. घर आवरायला काढलंय, ही तुमच्याकडे राहू दे म्हणाली. ती टेबलावर असतानाच तुमचा फोन आला. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणि ही हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे. म्हणून आजच लिहायला बसले.

सुमन नाखवा आणि मी एकवीस वर्षं एकत्र काम केलं. परळला एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. तिथे खाण्याच्या पदार्थांचे स्वाद तयार होत. कोंबडी न घालता कोंबडीचा, आंबा न घालता आंब्याचा, चूल न पेटवता धुराचा. स्वाद तयार करणारी मुख्य सुमन होती. माझं काम नाकाचं नव्हतं, नोंदींचं होतं. कोणत्या मिश्रणात काय, किती आणि कधी घातलं ते इंग्रजीत नीट लिहायचं, आणि प्रत्येक मिश्रणाची, त्यातल्या प्रत्येक घटकाची एक छोटी बाटली 'राखीव नमुना' म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवायची. पुढे कधी तक्रार आली तर मूळ माल कसा होता हे त्या बाटलीशी ताडून पाहतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी कपाट उघडायची, एकेक बाटली पाहायची आणि रजिस्टरात तिच्या नंबरापुढे लिहायची, 'आहे'.

मी कामावर गेले त्या पहिल्या दिवशी माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता. सुमनने मला दारातच थांबवलं. उंच, सावळी बाई, हातात एकही बांगडी नाही, केस पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधलेले.

"गजरा खाली वॉचमनकडे ठेवून या," ती म्हणाली. "आणि दाताला लवंगेचं तेल लावून किती दिवस काढणार? डॉक्टरकडे जा. आत पू झालाय."

मी कुणालाही दात दुखत असल्याचं सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या आमच्या डेंटिस्टने दात ठोकून पाहिला आणि तेच सांगितलं.

ती माहीमच्या कोळीवाड्यातली. आई जानकीबाई दादरच्या बाजारात मासळी विकायची. "आयचं नाक माझ्याहून मोठं," सुमन सांगायची. "कल्ले उघडून बघायला लागायचे नाय तिला. टोपली डोक्यावरून उतरेपर्यंत बोलायची, ही कालची, ही परवाची, ही बर्फात झोपून आली." त्या नाकाच्या जोरावर मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. त्यांच्या आळीत एवढी शिकलेली ती पहिली बाई.

वासांबद्दल ती माणसांबद्दल बोलावं तसं बोलायची. कागदाची पट्टी बाटलीत बुडवून नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि पुटपुटायची, "हा अजून दारातच उभा आहे." "ही बसली." "याला फार घाई, याला मागे ठेवा." आणि दोन वासांच्या मध्ये ती न चुकता एक गोष्ट करायची. उजव्या कोपराच्या आतल्या घडीत नाक खुपसायची आणि खोल श्वास घ्यायची.

"हे काय करतेस?" मी एकदा विचारलं. तोवर आम्ही अगं-तुगंवर आलो होतो.

"शून्यावर येते. स्वतःच्या अंगाचा वास आपल्याला येत नाय. तराजू रिकामा करून घ्यावा तसं."

या धंद्यातले बरेच लोक असं करतात हे मला पुढे कळलं. तरी दिवसातून तीस-चाळीस वेळा ती कोपरात तोंड लपवायची ते पाहून मला कसंसंच व्हायचं. वाटायचं, तिथे कुणीतरी बसलेलं आहे आणि ही त्याला विचारून येते.

आमच्या प्रयोगशाळेतला एकही पदार्थ तिने कधी तोंडात घातला नाही. जिभेवर टेकवायची, चूळ भरायची, थुंकायची. दुपारी डब्यात भात आणि कालवण. "रंगारी रंग पितो का गो?" म्हणायची.

जानकीबाई गेल्या त्याच वर्षी आमच्याकडे मोठं काम आलं. बर्गरच्या दुकानांची एक मोठी साखळी मुंबईत पसरत होती. त्यांना फ्राइजसाठी असा स्वाद हवा होता की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला पाहिजे. फ्राइजमध्ये काय असतं त्याची यादी मीच टाइप केली होती, म्हणून अजून पाठ आहे. बटाटा. पाम तेल. मीठ. थोडी द्राक्षशर्करा, तळल्यावर सगळ्यांचा रंग सारखा सोनेरी यावा म्हणून. एक फॉस्फेट, कापलेला बटाटा काळा पडू नये म्हणून. तेलात एक पदार्थ फेस येऊ नये म्हणून, दुसरा तेल खवट होऊ नये म्हणून. यातलं प्रत्येक कायद्याने चालणारं होतं, प्रमाणात होतं. भीती त्या लांब नावांची धरू नका. माणसाला खरा भार होतो तो तेल, मीठ आणि बटाट्यातल्या पिष्टाचा, आणि तो होतो कारण हात थांबत नाही.

सुमनने यादी वाचली आणि म्हणाली, "सगळं मुकं आहे. याला बोलतं करायचं म्हणजे माझं काम."

चौदा बाटल्यांतून तिने स्वाद बांधला. भाजल्याचा, तळल्याचा, किंचित लोण्याचा, किंचित धुराचा. चाचणीला ऑफिसातले आम्ही नऊ जण चवीच्या खोलीत बसलो. त्या खोलीत लाल दिवे असतात, पदार्थाचा रंग दिसून मत बदलू नये म्हणून. लाल उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. माझ्या शेजारी आमच्या स्टोअरमधले सावंत होते. लालबागचे, अंगाने भरलेले, मोठ्याने हसणारे. त्यांनी निम्मी बशी संपवली आणि हात पुसले. "एक नंबर, नाखवाबाई. पण आता पुरे. घरी जेवलो नाही तर बायको मला तळेल."

साखळीचे साहेब काचेपलीकडे उभे होते. त्यांना ते 'पुरे' आवडलं नाही. त्यांना कुणी पुरे म्हणायला नको होतं.

सुमन त्यानंतर तीन महिने कुणाशी फारसं बोलली नाही. एक दिवस तिने घरून एक पत्र्याची पेटी आणली. पेटीत तिच्या आईचं शेवटचं लुगडं होतं, न धुतलेलं. ते तिने काचेच्या मोठ्या हंडीखाली ठेवलं आणि बारीक नळीने आतली हवा ओढून घेऊ लागली. नाकाने एकेक वास वेगळा करायचा, कपाटातल्या बाटल्यांतून त्याचा जोडीदार शोधायचा, कोपरात नाक, पुन्हा पट्टी. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पंधरावा बसत नाय अजून."

तो बसला त्या दिवसाची गोष्ट तिनेच मला सांगितली. पट्टी तिच्या पर्समध्ये राहिली होती. घरी पोचली, पर्स ओट्यावर ठेवली. जानकीबाईंची एक म्हातारी मांजर होती. आई मासळी साफ करायला बसायची तेव्हा तिच्या उजव्या हाताला ही बसायची. आई गेल्यापासून तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती गच्चीवरून उतरून आली, सुमनकडे पाहिलंही नाही, आईच्या जागेच्या उजव्या हाताला जाऊन बसली आणि वर बघत वाट पाहू लागली.

"किती वेळ?" मी विचारलं.

"मी पर्स उचलून बाहेर नेली तोपर्यंत."

दुसऱ्या चाचणीला तेच नऊ जण, तेच लाल दिवे. पहिल्या वेळी आम्ही बडबडत होतो. या वेळी पहिला घास गेल्यावर खोलीत एकदम शांत झालं. मला आठवतं ते असं की मला खारट-तेलकट काही जाणवलंच नाही. तांदळाच्या पिठाने पांढरा झालेला तळहात, ओलं खोबरं, सुक्या बोंबलाचा लांबून येणारा धूर. मी ब्राह्मणाघरची, माझ्या आईच्या हाताला बोंबलाचा वास कधी नव्हता, आणि तरी मला वाटलं मी आईपुढे पाटावर बसले आहे. माझी बशी रिकामी झाली होती. सगळ्यांच्याच झाल्या होत्या. कुणी उठत नव्हतं. सावंतांनी बशी पुढे केली आणि बारीक आवाजात म्हणाले, "आये, अजून वाढ ना."

त्यांचं त्यांनाच ऐकू आलं तसे ते लाजले आणि खोकले. कुणीही हसलं नाही.

नोंद करताना मी विचारलं, "पंधरा नंबरमध्ये काय लिहू?"

"रिकामं ठेव."

या धंद्यात तशी पद्धत आहे. चोरी होऊ नये म्हणून एक बाटली बनवणाऱ्याच्या डोक्यातच ठेवतात, कागदावर आणत नाहीत. मी 'गोपनीय' असं लिहिलं आणि खाली सही केली. आम्ही लिफ्टची वाट पाहत उभ्या होतो तेव्हा तिने हळूच सांगितलं, "आयचा हात आहे तो. लोक बोलतात ना, आईच्या हाताची चव. तीच ठेवलीय."

मला त्या क्षणी ते सुंदर वाटलं.

शेजारच्या गिरणीच्या जागेवर झालेल्या मॉलमध्ये दुकान उघडलं तेव्हा आम्ही दोघी पाहायला गेलो. स्वयंपाकघरातली हवा दाराबाहेर सोडायला त्यांनी मुद्दाम झरोका ठेवला होता. येणारे लोक त्या झरोक्याखाली आले की पाऊल मंद व्हायचं आणि हनुवटी किंचित वर उचलली जायची. कॉलेजची मुलं, टाय लावलेले ऑफिसर, पिशव्या घेतलेल्या बायका, सगळ्यांची सारखीच. सुमनने माझा दंड धरला.

"तोंडं बघ सगळ्यांची," ती म्हणाली. "आयने वाढायला घेतलं की आम्ही पोरं असंच बघायचो."

तिला आनंद झाला होता. पण माझ्या दंडावर तिची बोटं उमटली होती.

दीड वर्षाने एका दुपारी सावंत काही सामान घेऊन वर आले. सुमन पट्टी नाकाशी धरून बसली होती. ती थांबली, कोपरात नाक खुपसून शून्यावर आली, आणि पुन्हा त्यांच्या दिशेने श्वास घेतला.

"सावंत, इथून थेट डॉक्टरकडे जा. रक्त तपासा."

"काय नाखवाबाई, आता पत्रिका पण बघायला लागलात?"

"तुमच्या तोंडाला जास्त पिकलेल्या सफरचंदाचा वास येतो. साखर फार वाढली की येतो. हसू नका. जा."

ते हसतच गेले. रक्तातली साखर इतकी होती की त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. पुढे पायाचं एक बोट काढावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने मला व्हरांड्यात घेतलं. रोज घरी जाताना ते त्या दुकानातून मोठं पाकीट आणि थंड पेय घ्यायचे, कधी दोन पाकिटं. घरी येऊन जेवायचे नाहीत. "बोलतात, त्या वासाने पाय आपोआप वळतात," ती म्हणाली.

मी नीटनेटकं सांगते आहे तर हेही सांगायला हवं की सावंतांच्या वडिलांना साखर होती, आणि सगळा दोष एका पाकिटावर टाकणं बरोबर नाही. मी सुमनलाही तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"जेवणाला एक हद्द असते," ती म्हणाली. "पोट बोलतं, बस झालं. मी तिथे आयला उभी केली. आईसमोर कोण बस बोलतो गो?"

सावंतांची गोष्ट ऑफिसभर झाली आणि लोक तिला टाळू लागले. लिफ्टमध्ये ती असली की श्वास रोखून धरायचे, आपल्या आत काय चाललंय ते तिला कळू नये म्हणून. ती जिन्याने यायला लागली.

ती आमच्या मोठ्या साहेबांकडे गेली आणि म्हणाली, पंधरा नंबर काढून टाका, मी तो पुढे बनवणार नाही. साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मग सांगितलं की बाटलीतलं सगळं यंत्राने केव्हाच वाचून झालं आहे. तिच्याशिवायही तो आता बनतो. साखळीला तो इतका आवडला आहे की बाहेरदेशीच्या दुकानांनाही पाठवणार आहेत.

ती परत आली तेव्हा मी टाइप करत होते. ती माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"आय आता त्यांच्याकडे कामाला लागली," ती म्हणाली. "तिला सुट्टी नाय."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी कपाट उघडलं. फ्राइजच्या ओळीत चौदाच्या पुढची जागा रिकामी होती. कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या, एक माझ्याकडे, एक सुमनकडे. मी कपाटाला कुलूप लावलं. मग रजिस्टरात पंधरापुढे लिहिलं, 'आहे'. आम्ही दोघी निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला लिहीत राहिले. तुमच्या आजीने कागदावर केलेला तेवढा एकच खोटेपणा.

नंतरची काही वर्षं मी दादरला आणि ती माहीमला, अशी आमची ये-जा चालू होती. मग ती तापाची साथ आली. सुमनचा ताप पाच दिवसांत उतरला, पण नाक गेलं. चार महिने काहीच नाही. त्यानंतर वास परत आला, तो उलटा होऊन. तुमच्या ओळखीतही कुणाला असं झालं असेल. तळलेलं, भाजलेलं, कांदा, लसूण, कॉफी, सगळ्याला कुजका वास येतो. त्या सगळ्यांत एकाच जातीचे रेणू असतात, आणि सुमनने आयुष्यभर स्वाद बांधले ते त्यांच्यावरच.

मी गेले तेव्हा ती खाटेवर बसली होती. अंगात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, मनगटापर्यंत बटणं लावलेली. वजन एवढं उतरलं होतं की मी दारातच थबकले. वैशाली आत शिजवत होती, दार बंद करून, तरीही सुमनने नाकाला फडकं धरलं होतं.

"फोडणीला मेलेल्या घुशीचा वास येतो," ती म्हणाली. "भाताला पण. पाण्याला पण. घास आत जातच नाय."

"आणि शून्य?" मी विचारलं. तिने कोपरात नाक घातल्याचं मला दिसलं नव्हतं.

तिने बाही ओढून घेतली. "तिथे आता मी नाय. दुसरंच कुणीतरी आहे. म्हणून झाकून ठेवलंय."

डॉक्टर म्हणाले होते, काहीही खाऊ द्या, जे पोटात जाईल ते. नाहीतर ही बाई उपाशी जाईल. मी निघताना तिने मला हाक मारली.

"नलिनी, ते आण."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

दुसऱ्या दिवशी दादरच्या दुकानातून मी पाकीट नेलं. सत्तरीच्या दोन बायका, एकमेकींसमोर, मध्ये ते लाल पाकीट. तिने उघडून नाकाशी धरलं. शास्त्राप्रमाणे तिला तो वास सगळ्यांत घाण यायला हवा होता, कारण ते सगळे रेणू त्यातच ठासून भरलेले. तिने डोळे मिटले.

"बटाट्याचा वास येतच नाय," ती म्हणाली. "तेलाचा नाय. फक्त पंधरा येतो." मग खाटेवर थोडी सरकून शेजारी जागा केली. "आय आली."

जन्मात पहिल्यांदा तिने फ्राइज खाल्ले. सात. मी मोजले.

मग मी एक दिवसाआड नेत राहिले. तिला दुसरं काही जात नव्हतं, आणि माणूस खाताना दिसलं की बरं वाटतं. दोन महिन्यांत तिचे पाय सुजले. रक्तदाब चढला. डॉक्टरांनी मीठ आणि तेल बंद करायला सांगितलं, मूत्रपिंडं दमली आहेत म्हणाले. वैशालीने मला ओटीवर गाठलं. ती बाजारात बसणारी बाई आहे, शब्द तोलत नाही.

"मावशी, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. आत्याचा जीव घ्यायचा ठेका घेतलाय काय? आमच्यातली कुणी अडाणी असती तर तिने पण असं विष हाताने आणून भरवलं नसतं."

"न आणलं तर उपाशी जाईल ती."

"मग तिसरं काय ते शोधा ना! एकवीस वर्षं काय फक्त सह्या केल्यात?"

ते मला लागलं, आणि त्यामुळेच सुचलं. मी आत गेले.

"सुमन, पंधराचा राखीव नमुना कुठे आहे?"

"तुझ्या कपाटात. रजिस्टरात 'आहे' लिहिलंयस ना." कित्येक महिन्यांनी ती हसली. तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "तांदळाच्या डब्यात. तळाशी."

मी वैशालीला तांदळाची मऊ पेज करायला सांगितली, मीठ न घालता. बाटली उघडली आणि काचेच्या कांडीने एक थेंब पेजेवर सोडला. सुमनने वाटी हातात घेतली. पहिला घोट घेऊन ती थांबली.

"मीठ घातलंस?"

"नाही."

"खारट लागतं."

हे शास्त्रात बसतं. नाक फसलं की जीभ फसते. आमच्या धंद्यात सगळे हे जाणतात, फक्त मीठ कमी करायला कुणी वापरत नाही. तिने वाटी संपवली आणि खाली ठेवली. "बस झालं," ती म्हणाली. वैशालीने पदराने डोळे पुसले, आणि मग माझा हात घट्ट धरला.

मी दाराकडे पाहिलं. जानकीबाईंची मांजर केव्हाच मेली होती. आता वाडीत तिची पणती-खापरपणती असतील. त्यातली एक, वर्षभराचंही वय नसेल, आत आली, ओट्याखाली त्याच जागेच्या उजव्या हाताला बसली आणि वर बघू लागली. "ही कधी घरात येत नाय," वैशाली म्हणाली.

रोज एक थेंब. सूज उतरली. त्या पेजेवर सुमन दोन वर्षांहून जास्त जगली.

मी तिला शेवटची पाहिली ती एका दुपारी. वैशाली बाहेर बोंबील वाळत घालत होती, खाडीकडून वारा होता. मी पेजेची वाटी घेतली आणि तांदळाच्या डब्याकडे वळले.

"थेंब नको," सुमन म्हणाली. "संपवायची नाय ती."

"घास जाईल का?"

"दे तर."

तिने साधी, अळणी पेज सावकाश खाल्ली. सगळी. मग ब्लाउजची बटणं सोडून उजवी बाही वर केली. इतक्या महिन्यांत तिचा दंड मी पाहिला नव्हता, काठीसारखा झाला होता. तिने कोपरात नाक ठेवलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

"आलं का शून्य?"

तिने मान हलवली, ती हो की नाही ते मला कळलं नाही. हात माझ्यापुढे धरला. "तूच बघ."

मी वाकले. तांदळाचं पीठ, ओलं खोबरं, लांबून येणारा धूर. लाल दिव्यांच्या खोलीत आला होता तोच. सवयीने मी लगेच डब्याकडे पाहिलं. डबा फळीवर होता, झाकण लावलेलं, बाटली आत तांदळाखाली. बाहेर बोंबील होते हे खरं. लसूण खाल्लेल्या माणसाच्या घामाला लसणाचा वास येतो, तसं दोन वर्षांच्या थेंबांचं झालं असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण थेंब तो केवढासा, आणि त्या दिवशी तर तोही नव्हता. या नोंदीचा रकाना मी रिकामा ठेवला आहे.

मी सरळ झाले तेव्हा ती पुन्हा कोपरात तोंड घालून बसली होती, लहान मूल आईच्या कुशीत घालतं तशी. मी चपला घातल्या तरी तिने वर पाहिलं नाही. आठवड्याच्या आत ती गेली.

तर सई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दोन्हीकडे वास सारखा आहे कारण तो एकाच बाईच्या हाताचा आहे. तिचं नाव जानकी नाखवा. ती दादरच्या बाजारात मासळी विकायची. मी तुम्हाला खाऊ नका म्हणणार नाही. लहान पाकीट घ्या, कधीतरीच घ्या, आणि पुरे झालं का ते नाकाला विचारू नका.

बाटली माझ्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. बूच घट्ट आहे. आत दोन बोटं द्रव शिल्लक आहे. काल महिन्याचा पहिला सोमवार होता. मी एक कोरी वही काढली, पंधरा नंबर घातला आणि पुढे लिहिलं, 'आहे'.